तेरा चतकोर म्हणजे सव्वातीन
(सुरत येथील मराठी शिक्षक व पालक यांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



सुरत शहराचे नाव घेतले की कापड आणि हिरा या दोन गोष्टी प्रथम आठवतात. या दोन्ही उद्योगांना हात लावणाऱ्या माणसांत मराठी बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने पोटापाण्यासाठी येथे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजराती, हिंदी, उर्दू आदी माध्यमांच्या शाळांबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या आहेत. मुलांचे शिक्षण मातृभाषेत होत असेल, तर मातृभाषेत आधीपासून असलेले ज्ञान शाळेच्या उपयोगी पडते किंवा नाही, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. गणितातील एका लहानशा पाठाच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो पाठ म्हणजे अंशाधिक अपूर्णांकाचे पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर.

पाठ कोणता?

ज्या अपूर्णांकाचा अंश छेदापेक्षा लहान असतो तो छेदाधिक अपूर्णांक, उदाहरणार्थ, ३/४. ज्याचा अंश छेदापेक्षा मोठा असतो तो अंशाधिक अपूर्णांक; उदाहरणार्थ, १३/४. त्याच १३/४ ला ३ पूर्णांक १/४ असे लिहिले म्हणजे तो पूर्णांकयुक्त अपूर्णांक होतो. रीत सर्वांना ठाऊक आहे. अंशाला छेदाने भागावे. आलेला भागाकार हा पूर्णांक, उरलेली बाकी हा नवा अंश, आणि छेद पूर्वीचाच. तेराला चाराने भागले असता भागाकार तीन येतो व बाकी एक उरते. म्हणून ३ पूर्णांक १/४.

पाचवी-सहावीच्या सुमारास मुले ही रीत पाठ करतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतात. याचे कारण असे की, भागाकार का करावयाचा आणि छेद तोच का राहतो, हे त्यांना सांगितले जात नाही. वास्तविक हे सांगण्यास खडू-फळ्याचीही गरज नाही. चुलीजवळ बसलेल्या कोणत्याही आईला विचारावे. एका भाकरीचे चार चतकोर होतात. मग तेरा चतकोर म्हणजे किती भाकरी? ती तत्काळ सांगेल, तीन भाकरी आणि वर एक चतकोर. तिने चार-चार चतकोरांचे गट केले, म्हणजेच तेराला चाराने भागले. तीन गट पुरे झाले, हा पूर्णांक. एक चतकोर शिल्लक राहिला, ही बाकी. आणि तो चतकोर चतकोरच राहिला, त्याचा आकार बदलला नाही. म्हणून छेद बदलला नाही. संपूर्ण नियम एवढाच आहे.

अंशाधिक अपूर्णांकास इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'अयोग्य' असा होतो. त्यामुळे त्यात काहीतरी चूक आहे असा समज होण्याचा संभव असतो. मराठी नाव या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. अंश अधिक आहे, एवढेच ते सांगते. तेरा चतकोर असणे यात गैर काहीच नाही. मात्र पाहुण्याला 'तेरा चतकोर वाढले' असे कोणी सांगत नाही. सव्वातीन भाकरी असेच म्हणतात.

मराठी भाषेची शिदोरी

सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच ऐकत असते. हे सर्व पूर्णांकयुक्त अपूर्णांकच आहेत. ५/४ म्हणजे सव्वा, ३/२ म्हणजे दीड, ५/२ म्हणजे अडीच, ७/२ म्हणजे साडेतीन. साडेतीन ही संख्या तर मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याची. वर्षातील शुभ मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन आणि पेशवाईतील शहाणेही साडेतीन. साडेतीनांपैकी अर्धे पीठ वणीच्या सप्तशृंगीचे मानले जाते, हे खानदेशातून आलेल्या कुटुंबांना सांगावयास नको. साडेतीनसाठी मराठीत 'औट' असा स्वतंत्र शब्दही आहे. 'औट घटकेचे राज्य' असे म्हणतात तेव्हा साडेतीन घटकांचे, म्हणजे चोवीस मिनिटांची एक घटका धरून ८४ मिनिटांचे राज्य अभिप्रेत असते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही पाढ्यांसारखी म्हणवून घेतली जात. ती कोष्टके आज कोणी पाठ करावीत असा आग्रह नाही. परंतु त्यांमागील शब्द अजून जिवंत आहेत, ही मोठी सोय आहे.

सुरतेच्या मुलाला आणखी एक लाभ आहे. गुजरातीत त्याला सवा, दोढ, अढी, साडा, पोणा हे शब्द ऐकू येतात. हिंदीत सवा, डेढ, ढाई, साढे, पौने. एकाच मुळापासून निघालेली ही भावंडे होत. संस्कृत सपाद, म्हणजे पावासहित, यापासून सव्वा आला. सार्ध, म्हणजे अर्ध्यासहित, यापासून साडे आला. इतकेच नव्हे, तर लेखनातही या दोन भाषांचे पूर्वी ऐक्य होते. मराठी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांत आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा आणि तीन रेघा म्हणजे पाऊण असे लिहीत. तीनच्या आकड्यापुढे एक रेघ पाहिली की खानदेशातील आडत्या आणि सुरतेचा शेठ दोघेही सव्वातीन असेच वाचीत.

एका शब्दाविषयी मात्र शिक्षकांनी सावध असावे. सव्वा आणि साडे हे शब्द पुढील संख्येत भर घालतात. पावणे हा शब्द वजाबाकी करतो. पावणेतीन म्हणजे तीनात पाव कमी, अर्थात २ पूर्णांक ३/४. पुष्कळ मुले 'पावणेतीन' ऐकून ३ पूर्णांक ३/४ लिहितात. ११/४ ही संख्या अकरा चतकोरांच्या रूपाने समोर मांडली, तर बारावा चतकोर कमी असल्याने तिसरी भाकरी पुरी होत नाही, हे मूल डोळ्यांनी पाहते आणि चूक पुन्हा होत नाही.

बाकी कशाची?

या पाठातील खरी अडचण भागाकारात नाही. बाकीचा अर्थ लावण्यात आहे. त्यासाठी सुरतेच्या बाजाराइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही. समजा, १०० मीटर कापडाचा एक तागा आहे आणि साडेपाच मीटरची एक याप्रमाणे त्यातून साड्या कापावयाच्या आहेत. साडेपाच म्हणजे ११/२. शंभराला ११/२ ने भागले असता २००/११ येतात, म्हणजे १८ पूर्णांक २/११. अठरा साड्या निघाल्या, हे उघड आहे. पण २/११ म्हणजे काय? पुष्कळ मुले, आणि काही मोठी माणसेही, २/११ मीटर कापड उरले असे म्हणतील. ते बरोबर नाही. उरले आहे ते एका साडीच्या दोन अकरांशांइतके. साडीचे अकरा भाग केले तर प्रत्येक भाग अर्ध्या मीटरचा होतो. असे दोन भाग म्हणजे एक मीटर. पडताळा सोपा आहे. अठरा साड्यांना ९९ मीटर लागले आणि एक मीटर उरला.

आता त्याच साडीला ८० सेंटीमीटरचा ब्लाउजचा तुकडा जोडून द्यावयाचा असेल, तर एक साडी ६.३० मीटरची होईल. शंभराला ६.३ ने भागणे म्हणजे १०००/६३; त्याचे उत्तर १५ पूर्णांक ५५/६३. येथे घाईने पंधरा साड्या असे म्हणून बाकी सोडून देणारा मोठेच नुकसान करून घेईल. पंधरा साड्यांना ९४.५ मीटर लागले. उरले साडेपाच मीटर. म्हणजे ब्लाउजच्या तुकड्याविना आणखी एक पुरी साडी! अपूर्णांकाच्या शेपटीत एक साडी लपलेली होती, आणि बाकी कशाची हे ज्याने विचारले त्यालाच ती दिसली.

हिऱ्याच्या कारखान्यातही हाच हिशेब चालतो. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा १७ कॅरेट म्हणजे १७/५, अर्थात ३ पूर्णांक २/५ ग्रॅम. येथे बाकी दोन ही दोन ग्रॅम नसून दोन पंचमांश ग्रॅम, म्हणजे दोन कॅरेट आहे. ज्या धंद्यात कॅरेटचा शंभरावा भागही मोजला जातो, तेथे बाकीचा अर्थ चुकविणे परवडणारे नाही.

मजुरीचा प्रश्न

हा विषय केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही. सुरतेतील अनेक स्त्रिया घरी बसून साड्यांचे धागे कापणे, खडे व टिकल्या चिकटविणे, लेस लावणे अशी कामे करतात आणि त्यांची मजुरी नगावर किंवा डझनावर मोजली जाते. समजा, एका स्त्रीने दिवसाला ३१ नग केले. डझनाचा हिशेब ३१/१२, म्हणजे २ पूर्णांक ७/१२ डझन. वहीत मात्र 'अडीच डझन' असे लिहिले गेले. अडीच डझन म्हणजे ३० नग. एका नगाचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु महिन्यातील २६ दिवस असेच चालले तर २६ नगांची, म्हणजे २ पूर्णांक १/६ डझनांची मजुरी बुडाली. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. पण ७/१२ हा अर्ध्यापेक्षा अधिक असतो, कारण बारांचे अर्धे सहा होतात, एवढे त्या स्त्रीला किंवा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगता आले, तर वही जागच्या जागी दुरुस्त होईल.

दुसरे उदाहरण वेळेचे. एखाद्या कामगाराने १६५ मिनिटे जादा काम केले. १६५/६० म्हणजे २ पूर्णांक ४५/६०, अर्थात २ पूर्णांक ३/४ तास. मराठीत पावणेतीन तास. हेच कोणी २ तास ४५ मिनिटे म्हणून यंत्रावर २.४५ असे टिपले आणि त्याला तासाच्या दराने गुणले, तर काय होईल? दशांश चिन्हापुढील आकडे शंभरांशाचे असतात, मिनिटे साठांशाची असतात. पावणेतीन तास म्हणजे दशांशात २.७५. त्याऐवजी २.४५ धरल्याने ०.३० तास, म्हणजे १८ मिनिटे गेली. पंचवीस दिवसांत ही तूट ४५० मिनिटांची होते. ४५०/६०, म्हणजे साडेसात तास. जवळजवळ एका दिवसाचे श्रम एका टिंबाच्या चुकीने नाहीसे झाले.

गणकयंत्र आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे, तेव्हा या रीतीची गरज काय, असा आक्षेप काही जण घेतात. वरील उदाहरणे हेच त्याचे उत्तर होय. यंत्र २.५८३३३३३ दाखविते, उरलेले सात नग आहेत हे ते सांगत नाही. आकडा यंत्र देते, अर्थ माणसाला लावावा लागतो.

जुनी मापे, जुने आचार्य

अंशाधिक आणि पूर्णांकयुक्त यांची देवघेव सुरतेला नवी नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली तेव्हा त्यांचे पौंड आणि येथील मण यांचा मेळ घालावा लागला. कंपनीच्या काळातील व्यापारी कोष्टकांत सुरतेचा मण ३७ पूर्णांक १/३ पौंडांचा दिलेला आढळतो. हा विचित्र अपूर्णांक आला कोठून? तो ११२/३ आहे. इंग्रजांचा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. त्यात सुरतेचे तीन मण बसत. असे एकवीस मण म्हणजे ७८४ पौंड, आणि ७८४ पौंडांची खंडी ही कापसाच्या व्यापारात रूढ झाली. आजही कापसाचा भाव सुमारे ३५६ किलोग्रॅमच्या खंडीवर सांगितला जातो; ती हीच खंडी होय. ३७ पूर्णांक १/३ ही संख्या पाठ करणाऱ्यास अवघड जाईल. ११२ चे तीन भाग हे समजलेल्यास ती सहज लक्षात राहील.

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. सत्तावीस आणे म्हणजे २७/१६ रुपये. दुकानदार 'एक रुपया अकरा आणे' म्हणे. प्रत्येक ग्राहक दिवसातून अनेकदा अंशाधिकाचे पूर्णांकयुक्त रूप करी आणि आपण गणित करीत आहोत हे त्याच्या मनातही येत नसे. दशमान नाण्यांनी हिशेब सोपा केला, हे निःसंशय. पण त्याबरोबर रोजचा तो सराव गेला. तो आता शाळेने द्यावयाचा आहे.

या विद्येचे एक पीठ खानदेशातच होते, हे अभिमानाने सांगावयास हवे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' हा ग्रंथ रचला. पूर्णांकात अपूर्णांक मिळविण्याच्या क्रियेस त्यात भागानुबंध आणि वजा करण्याच्या क्रियेस भागापवाह अशी नावे आहेत. सव्वातीन हा भागानुबंध, पावणेतीन हा भागापवाह. प्राचीन भारतीय लेखनात पूर्णांक वर, त्याखाली अंश आणि त्याखाली छेद अशी उभी मांडणी करीत; मधली आडवी रेघ पुढे अरबी गणितज्ञांच्या लेखनातून रूढ झाली. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. उधन्याच्या चाळीत राहणाऱ्या ज्या मुलाचे गाव चाळीसगाव तालुक्यात आहे, त्याला ही हकिकत शिक्षकाने अवश्य सांगावी.

कोणते रूप केव्हा?

पूर्णांकयुक्त रूप नेहमीच चांगले असे मात्र नाही. गुणाकार-भागाकार करताना अंशाधिक रूपच सोयीचे असते. साडेतीन मीटर लांब आणि २ पूर्णांक १/३ मीटर रुंद अशा पडद्याचे क्षेत्रफळ काढताना मुले तीन दुणे सहा आणि अर्ध्याचा तिसरा हिस्सा एक षष्ठांश असे करून ६ पूर्णांक १/६ लिहितात. हे चूक आहे. ७/२ गुणिले ७/३ म्हणजे ४९/६, आणि ४९/६ म्हणजे ८ पूर्णांक १/६ चौरस मीटर. दोन चौरस मीटर कापड चुकीच्या रीतीत हरवले. तेव्हा गणित करताना अंशाधिक आणि उत्तर सांगताना पूर्णांकयुक्त, हा व्यवहाराचा साधा नियम मुलांच्या मनावर ठसवावा.

कर्तव्य

ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत पाचवीतील ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ज्या मुलाला बाकी काढता येत नाही, त्याला अंशाधिक अपूर्णांक कळणे शक्य नाही. म्हणून शिक्षकांनी प्रथम वस्तूंचे गट पाडून भागाकार पक्का करावा, मग अपूर्णांकाकडे वळावे. प्रत्येक उत्तरानंतर 'बाकी कशाची?' हा एकच प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. फळ्यावर १३/४ लिहिल्यावर त्याशेजारी 'सव्वातीन' हा शब्दही लिहावा.

अधिकाऱ्यांनी शाळा-तपासणीच्या वेळी रीत घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या मुलावर समाधान मानू नये. साडीचे, नगांचे, तासांचे एखादे उदाहरण घालून पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत व्हावे असे म्हटले आहे. घरच्या भाषेत याचा अर्थ केवळ पुस्तक मराठीत छापणे असा होत नाही. घरातील शब्द आणि घरातील हिशेब वर्गात यावेत, असाही होतो.

पालकांना सांगावयाचे ते शेवटी. अनेक आईवडील मुलाची वही पाहून 'हे आपल्याला कळत नाही' असे म्हणून ती मिटून ठेवतात. त्यांनी तसे करू नये. ज्या आईला तेरा चतकोरांच्या भाकरी सांगता येतात, ज्या बापाला तागा पाहून किती साड्या निघतील याचा अंदाज येतो, ती माणसे या पाठाबाबत अडाणी नाहीत. फक्त आकड्यांची मांडणी त्यांना अपरिचित आहे. ती मुलाने त्यांना दाखवावी, आणि शब्द त्यांनी मुलाला द्यावेत. असा व्यवहार घरोघरी सुरू झाला, तर वहीतील गणित पक्के होईल आणि मजुरीच्या वहीतील नगही पुरे भरतील.